कर्णपटलसंधान व पिचुवर्ति

गेल्या वर्षीं आमच्या डाव्या कानाच्या पडद्याचें जुनें छिद्र शस्त्रवैद्यांनीं बुजविलें, आणि पुढें कित्येक दिवस कानांत पिवळी, उग्र वासाची वात बाळगावी लागली. समाचारास आलेल्या एका पोथीसंग्राहक स्नेह्यांनीं "हें सर्व सुश्रुतांत आहेच" असें सांगून आमचें समाधान करण्याचा प्रयत्न केला. तें झालें नाहीं. म्हणून कान मोकळा होतांच आम्हीं संहिता उघडली.

स्नेह्यांच्या विधानाचा आधार सूत्रस्थानाचा १६ वा अध्याय, कर्णव्यधबंधविधि, हा होय. कान टोंचल्यावर छिद्रांत पिचुवर्ति, म्हणजे कापसाची वात, घालावी, आमतैल शिंपावें व दर तिसऱ्या दिवशीं वात अधिक जाड करीत जावी, असा तेथें विधि आहे. फाटलेली पाळी जोडण्याचे १५ बंधहि सांगितले आहेत. सांधा जुळल्यावर मध व तूप माखून वर कापूस किंवा कापडाची घडी ठेवावी, आणि दोरा फार घट्ट नाहीं, फार सैलहि नाहीं असा बांधावा. वर्णन इतकें नेमकें आहे कीं, तें हातानें काम केलेल्याचेंच असावें. परंतु हा सर्व प्रपंच कर्णपालीचा, बाहेरच्या कानाचा आहे. पडद्याचा येथें उल्लेखहि नाहीं. काठमांडूच्या कैसर ग्रंथालयांतील इ. स. ८७८ च्या ताडपत्री पोथीवरून या अध्यायाचें संशोधित संपादन २०२३ सालीं प्रसिद्ध झालें, तेंहि पाहिलें. विषय तोच, पालि.

दुसरा आधार उत्तरतंत्रांतील. २१ व्या अध्यायांत कर्णस्रावावर शिरोविरेचन, धूपन, पूरण, प्रमार्जन व धावन सांगितलें आहे. यांतील 'पूरण' शब्दानें घोटाळा होतो. तेथें पूरण म्हणजे औषधी तेल, स्वरस इत्यादि कानांत भरणें. जागीं ठेवलेल्या कातड्यास आधार देणें नव्हे. उलट, फुटलेल्या पडद्याच्या कानांत तेल घालूं नये असें आजचे वैद्य बजावतात.

पडद्याच्या छिद्राचा इतिहास वेगळ्या वाटेनें जातो. १६४० सालीं विटेनबर्ग येथें मार्कस बांझर यानें डुकराच्या मूत्राशयाचें पातळ कातडें नळीच्या तोंडावर ताणून ती कानांत बसविण्याची युक्ति लिहिली. नळी एल्क नामक प्राण्याच्या खुराची, असें कांहीं म्हणतात, कांहीं हस्तिदंताची. पाठभेद केवळ आपल्याच पोथ्यांत असतात असें नाहीं! १८४१ मध्यें लंडनच्या जेम्स यर्स्ली यास न्यूयॉर्कचा एक रोगी भेटला. तो थुंकीनें भिजविलेला कागदाचा बोळा कानांत सारून ऐकूं शके. यर्स्लीनें कागदाच्या जागीं ओला कापूस योजिला. १८५३ मध्यें जोसेफ टॉयन्बी यानें चांदीच्या तारेवर रबराची चकती बसविली. हीं सारीं केवळ झांकणें. छिद्र कायमचें बुजविण्यासाठीं रोग्याचीच त्वचा लावण्याचें काम १८७८ मध्यें बर्टोल्ड यानें केलें. त्यानें आधीं तीन दिवस पडद्यावर चिकटपट्टी ठेवून वरचा पापुद्रा काढून घेतला होता.

वुलस्टाइन व झोल्नर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत ही विद्या शास्त्रशुद्ध पायावर आणिली. १९५८ च्या सुमारास कानशिलाच्या स्नायूवरील पातळ आवरण पडद्यासाठीं वापरूं लागले. आमच्या कानांत तेंच आहे. पण पडद्यामागें पोकळी. तेथें आधार न दिल्यास नवें कातडें आंत खचतें. म्हणून १९४५ पासून शस्त्रवैद्यकांत आलेल्या जिलेटिनच्या स्पंजाचे तुकडे आंत ठेवितात. ते कांहीं आठवड्यांत आपोआप विरतात, काढावे लागत नाहींत. हा स्पंज डुकराच्या कातड्यापासून करितात. बांझरचा प्राणी तीन शतकांनीं पुन्हां कानांत आला म्हणावयाचा. बाहेरच्या नलिकेंतील आमची पिवळी वात बिस्मथ, आयडोफॉर्म व पॅराफिन यांच्या लेपाची होती. तो लेप रदरफर्ड मॉरिसन यानें १९१६ मध्यें, महायुद्धांतील जखमांसाठीं, प्रसिद्धीस आणिला.

तेव्हां पिचुवर्तीचें श्रेय सुश्रुतास निःसंशय द्यावें, कर्णपटलसंधानाचें देऊं नये. जें तेथें लिहिलेलें आहे त्याचीच योग्यता थोडी नाहीं. स्नेह्यांस हें पटलेलें नाहीं. ज्यांच्या संग्रहीं उत्तरतंत्राची डल्हणाच्या टीकेसह जुनी प्रत असेल, त्यांनीं २१ व्या अध्यायांतील 'पूरण' शब्दावरील पाठ उतरून मंडळाकडे पाठवावा, अशी विनंति आहे.