पस्तीसची रेषा

३४ आणि ३५ मध्ये फरक किती? गणिताने एकाचा. प्रोग्रॅममध्ये लिहायचं तर एक कंडिशन: मार्क ३५ किंवा जास्त असतील तर पास, नाहीतर नापास. इफ आणि एल्स. संपला विषय. पण आपल्याकडे या एका ओळीवर लग्नं ठरली आहेत आणि मोडली आहेत, नोकऱ्या लागल्या आहेत आणि हुकल्या आहेत, रिझल्टच्या दिवशी पोरं घर सोडून पळाली आहेत. तेव्हा ही ओळ कुठून आली आणि दीडशे वर्षांत तिचा अर्थ कसा बदलत गेला, ते या वीकेंडला जरा खणून बघू. खणायला जागा सातारा-सांगलीची घेतली आहे, कारण या रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्हीकडची मोठी माणसं तिथे सापडतात.

सुरुवात मात्र मुंबईपासून. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ ची. महादेव गोविंद रानडे त्या पहिल्याच तुकडीतले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: मॅट्रिक म्हणजे शाळा संपल्याचा दाखला नव्हता. विद्यापीठात कोणाला घ्यायचं हे ठरवणारी ती चाळणी होती. चाळणी म्हटली की बरंचसं खाली पडणारच, त्यासाठीच ती असते. आपल्या भाषेत सांगायचं तर नापास होणं हा त्या सिस्टीममधला बग नव्हता, फीचर होतं.

(व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरते: इंग्लंडात ६५ ला पास, म्हणून इंग्रजांनी १८५८ च्या पहिल्या मॅट्रिकला भारतीयांसाठी त्याच्या निम्मे साडेबत्तीस ठेवले, त्याचेच पुढे ३३ झाले. ऐकायला झकास आहे. पण कलकत्त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५७ ची आणि मुंबईची १८५९ ची. म्हणजे सालापासूनच गाडी घसरते.)

रेषा आली तशी तिच्या मागोमाग ग्रेसही आली. १८५८ साली कलकत्ता विद्यापीठाची पहिली बी.ए. परीक्षा झाली. झाडून सगळे उमेदवार कुठल्या ना कुठल्या विषयात अडकले. त्यातले दोघे सहापैकी पाच विषयांत चांगले होते आणि सहाव्यात जास्तीत जास्त सात मार्कांनी कमी पडत होते. त्यांना खास सवलत देऊन पास केलं गेलं. दोघांपैकी एक होते बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. 'वंदे मातरम्' लिहिणारे. ग्रेस मार्कांवरून कुणी टोमणा मारला तर हे उत्तर हाताशी ठेवा.

आता साताऱ्याला येऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचं नाव दाखल झालं. भीमराव रामजी आंबेडकर. त्या काळी वर्गात नंबराप्रमाणे बसायची पद्धत होती. पण बाबासाहेबांनीच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की त्यांना त्यांच्या नंबराप्रमाणे बसता यायचं नाही. एका कोपऱ्यात वेगळं बसावं लागे. म्हणजे वर्गात त्यांना मार्क किती पडतात याला अर्थच नव्हता. बसायची जागा जन्माने ठरलेली.

पुढे घर मुंबईला गेलं आणि १९०७ च्या मॅट्रिकला ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून बसले. मार्क पडले ७५० पैकी २८२. टक्के काढा: ३७.६. आजच्या गुणपत्रिकेवर हे सेकंड क्लासच्याही खाली. आज एवढ्या मार्कांचे पेढे वाटायलासुद्धा घरचे लाजतील. पण १९०७ साली, त्यातही अस्पृश्य ठरवलेल्या समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं ही एवढी मोठी गोष्ट होती की त्यांचा जाहीर सत्कार झाला. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. कृष्णराव अर्जुन केळुस्करांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. त्याच केळुस्करांच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली आणि कॉलेजचा रस्ता मोकळा झाला.

इथे थोडं थांबू या. परीक्षेची रेषा आंधळी असते, निर्दय असते, अशी तक्रार आपण नेहमी करतो. आहेच ती तशी. पण तिचं आंधळं असणं हाच एखाद्याला आधारही असू शकतो. साताऱ्याच्या वर्गात ज्याला नंबराप्रमाणे बसू दिलं नाही, त्याला मॅट्रिकच्या यादीतून मात्र काढता आलं नाही. २८२ म्हणजे २८२. ते जात विचारत नाहीत.

दुसरी गोष्ट रेषेच्या अलीकडे राहिलेल्या माणसाची. भाऊराव पाटील. जन्म १८८७ चा, कुंभोजचा. घराणं ऐतवडे बुद्रुकचं, वाळवे तालुक्यातलं, म्हणजे आजचा सांगली जिल्हा. शिकायला कोल्हापुरात. अभ्यासापेक्षा कुस्तीत जास्त रमले आणि गणितात अडकले. त्यांच्या चरित्रांतून एक किस्सा सांगितला जातो. शाहू महाराजांनी गणिताच्या मास्तरांकडे शब्द टाकला, पोराला वर ढकला म्हणून. मास्तर म्हणाले, तो बसतो ते बाक हवं तर वरच्या वर्गात पाठवतो, त्याला नाही पाठवता येणार. साक्षात राजासमोर! भाऊराव शेवटपर्यंत मॅट्रिक झाले नाहीत.

किस्सा अक्षर न अक्षर खरा असेल-नसेल, पण त्यानंतर भाऊरावांनी जे केलं ते कागदोपत्री आहे. १९१९ साली कराडजवळ काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीत. फी नसेल तर राबा आणि शिका: दगड फोडा, शेतात काम करा, पण शाळा सोडू नका. १९४० साली साताऱ्यात मोफत निवासी हायस्कूल सुरू केलं आणि त्याला नाव दिलं महाराजा सयाजीरावांचं. बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणारे तेच सयाजीराव. १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज. आणि १९५९ साली पुणे विद्यापीठाने या नॉन-मॅट्रिक माणसाला डी.लिट. दिली.

भाऊरावांनी रेषा खाली आणा असं म्हटलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रेषेपर्यंत पोहोचायला शिडी लागते आणि ती सगळ्यांच्या घरी नसते, हे त्यांनी ओळखलं आणि शिड्या बांधत सुटले.

एव्हाना सरकारही बदललं होतं. १९४८ च्या कायद्याने मुंबई प्रांतात शालान्त परीक्षेचं मंडळ आलं आणि १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. सुरू झाली. गंमत बघा, त्याच १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले: उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिण साताऱ्याचं १९६० साली सांगली असं नामकरण झालं. तिथे निदान नाव आणि नकाशा दोन्ही बदलले. परीक्षेचं मात्र नाव बदललं, हेतू बदलला, पण मनातली रेषा तीच राहिली. एस.एस.सी. म्हणजे शाळा पूर्ण केल्याचा दाखला. पण लोक म्हणत राहिले 'मॅट्रिक', आणि नापासाला वागणूकही चाळणीतून पडलेल्यासारखीच. पुढे १९६६ पासून महाराष्ट्राचं मंडळ आलं, १९७५ पासून ही परीक्षा अकरावीची दहावीवर आली. आज सातारा, सांगली आणि कोल्हापूर मिळून एक विभागीय मंडळ आहे. ३५ ला पास, ४५ ला सेकंड, ६० ला फर्स्ट, ७५ ला डिस्टिंक्शन ही उतरंड आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

आता जरा आकडे. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के. २०१९ ला ७७.१०. २०२० ला ९५.३०. रेषा तिन्ही वर्षी ३५ च. मग महाराष्ट्रातली मुलं एका वर्षात अचानक ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार? अर्थातच नाही. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा-समाजशास्त्रांचे अंतर्गत गुण बंद केलेले होते. २०२० ला ते परत आले, शिवाय कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे मार्क सरासरीने मिळाले. आणि २०२१ ला परीक्षाच झाली नाही, तेव्हा निकाल ९९.९५. म्हणजे थर्मामीटरवरची रेघ कायम ठेवायची आणि थर्मामीटर मात्र दरवर्षी नवा आणायचा, असा हा प्रकार आहे.

यावर इंग्लंडने उलटा उपाय करून पाहिला. १९६३ पासून तिथे ए-लेव्हलला ग्रेडचे कोटेच ठरवून दिले: वरच्या १० टक्क्यांना ए, पुढच्या १५ टक्क्यांना बी, असे. पेपर सोपा असो वा अवघड, ए मिळणारे साधारण तेवढेच. पेपरचा प्रश्न सुटला, पण नवीन आला: सगळ्या देशाची मुलं सुधारली तरी ए वाढणार नाहीत, आणि तुमची ग्रेड शेजारच्यावर अवलंबून. १९८७ ला त्यांनी हे सोडलं. आता तिथे पेपर तपासून झाल्यावर, पेपर किती अवघड होता ते बघून, सीमा कुठे आखायची हे तज्ज्ञ ठरवतात. आपण रेषा आधी आखतो, ते नंतर आखतात. निर्दोष पद्धत दोघांकडेही नाही. ५९ आणि ६० मधली दोन मुलं दोन्हीकडे सारखीच असतात आणि दोन्हीकडे वेगळी ठरतात.

आपल्याकडे दरम्यान एक मजेदार गोष्ट झाली. रेषा होती तिथेच राहिली, पण तिच्याजवळची गर्दी उठून वर गेली. २०२५ ला निकाल ९४.१० टक्के लागला आणि २११ मुलांना कला-क्रीडेचे वाढीव गुण वगैरे धरून शंभरपैकी शंभर टक्के मिळाले. मग ३५ ची रेषा वेगळं कुणाला काढणार? ते काम आता कटऑफ करतो. २०२५ पासून अकरावीची ऑनलाइन केंद्रीय प्रवेशप्रक्रिया राज्यभर लागू झाली, म्हणजे सातारा-सांगलीतही. पूर्वी घालमेल ३४-३५ ची असायची, आता ९१.४ की ९१.६ याची. तीच चाळणी, फक्त भोकं बारीक.

जागा वाढवल्या की हीच रेषा कशी सैल होते, त्याचंही उदाहरण सांगलीचंच आहे. सांगलीत वालचंद कॉलेज १९४७ पासून, पण राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा मोजक्या, त्यामुळे चांगले मार्क असूनही असंख्य मुलं बाहेर राहायची. १९८३ साली वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. दादांचं स्वतःचं शालेय शिक्षण फार झालेलं नव्हतं. या निर्णयाने देणग्यांचा बाजार उघडला, हे खरं. आणि आज पुण्यात किंवा बंगलोरला मॉनिटरसमोर बसलेल्या आपल्यातले कितीतरी जण त्या निर्णयामुळे तिथे आहेत, हेही तितकंच खरं. तेव्हा मुलांची हुशारी बदलली नव्हती, खुर्च्यांची संख्या बदलली होती.

अधूनमधून सरकार रेषेवरची पाटीही बदलतं. २०१६ ला 'नापास' शब्द काढून 'कौशल्य विकासास पात्र' असं लिहायचं ठरलं. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित-विज्ञानात २० मार्कांवरही पुढे जाऊ देण्याची तरतूद सुचवली गेली, मात्र पुढे ते विषय घेता येणार नाहीत अशा शेऱ्यासकट. दोन्ही वेळा दोन्ही बाजूंनी भरपूर भांडण झालं. ३५ असावेत की २०, यावर आपण तासन् तास वाद घालू शकतो.

पण इतिहास बघितला की वाटतं, वादाची जागा चुकतेय. इफ मध्ये ३५ लिहा नाहीतर २०, कुठेतरी एक आकडा लिहावाच लागेल, आणि तो थोडाफार मनमानीचाच असेल. तो कुणासाठी वाकू नये, एवढं पुरे. राजाच्या शब्दासाठी नाही आणि जातीसाठी तर नाहीच. खरा कस एल्स मध्ये लागतो. एकेकाळी तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं: नापास झाला, घरी गेला, गुरं वळायला लागला. भाऊरावांनी तिथे वसतिगृह लिहिलं, केळुस्करांनी एक पुस्तक आणि एक ओळखीचा शब्द लिहिला. पुढचा रिझल्ट लागेल तेव्हा आपल्या नात्यातला एखादा पोरगा ३४ वर नाहीतर ९१.४ वर अडकलेला असेल. तेव्हा त्याला 'किती पडले?' विचारून झालं की 'आता काय करू या?' हेही विचारा.