मक्त्याने दिलेली माणसे

स्टॅन्ली क्रेमर यांचा ‘द डिफायंट वन्स’ 1958 साली पडद्यावर आला. पावसाळी रात्री कैद्यांची गाडी उलटते आणि मनगटे एकाच साखळीत अडकलेले दोन कैदी निसटतात: गोरा जॉन जॅक्सन आणि कृष्णवर्णीय नोआ कलेन. टोनी कर्टिस आणि सिडनी पॉइटिए यांनी या भूमिका केल्या. एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसलेल्या या दोघांना नदी ओलांडताना, चिकणमातीच्या खोल खड्ड्यातून वर येताना, चिडलेल्या जमावाच्या तावडीत सापडल्यावर एकमेकांशिवाय गत्यंतर राहत नाही. आणि पुढे साखळी तुटली तरी ते एकमेकांना सोडत नाहीत. वंशद्वेषावर मात करणारी कथा म्हणून या चित्रपटाचे नाव झाले, आणि ते रास्तच होते. पण ज्या साखळीवर ही कथा उभी आहे, तिचा इतिहास काही वेगळेच सांगतो. अमेरिकेच्या दक्षिणेत ही साखळी उत्पन्नाचे साधन होती, आणि वंशद्वेष हे उत्पन्न सुरळीत चालू ठेवत होता. म्हणूनच दोन मने जुळण्यात या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मानणे मला अपुरे वाटते.

1865 साली अमेरिकी राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे काम घेण्याची सोय त्याच वाक्यात ठेवली. दक्षिणेतल्या राज्यांनी ही फट लगेच हेरली. मिसिसिपीने त्याच वर्षी कायदा केला, की प्रत्येक कृष्णवर्णीयाने दर जानेवारीत आपल्याला काम असल्याचा लेखी पुरावा दाखवावा. नसेल तर तो भटका, म्हणजे गुन्हेगार. असे कैदी मग मक्त्याने दिले जाऊ लागले. 1868 साली जॉर्जियाने 100 कृष्णवर्णीय कैदी 2,500 डॉलरना रेल्वेच्या कामावर दिले. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक ज्या अमेरिकनांना कृतज्ञतेने अर्पण केले, त्यांच्याच देशात त्याच वर्षांत हा मक्ता जोम धरत होता. 1898 साली अलाबामा राज्याच्या महसुलाचा सुमारे 73 टक्के वाटा कैद्यांच्या मक्त्यातून आला, असा हिशेब इतिहासकार देतात. हा आकडा एका माणसाच्या आयुष्यात काय करत होता, ते ग्रीन कॉटनहॅमच्या खटल्यात दिसते. 1908 साली अलाबामातल्या शेल्बी परगण्यात या बावीस वर्षांच्या तरुणाला भटकेपणाच्या आरोपाखाली पकडले. शिक्षा 30 दिवसांची. पण शेरीफ, कारकून, साक्षीदार यांची फी त्याच्याकडे नव्हती, म्हणून ती जवळजवळ वर्षभराची झाली. यू. एस. स्टीलच्या उपकंपनीने महिना 12 डॉलर परगण्याला देऊन त्याला कोळशाच्या खाणीत उतरवले. काही महिन्यांतच तो तिथे मेला. या सगळ्या व्यवहारात कुणी त्याचा व्यक्तिशः द्वेष केला की नाही, याने काहीच फरक पडत नव्हता.

त्याच 1908 साली जॉर्जियाने खासगी मक्ता बंद केला. अलाबामाने मात्र 1928 पर्यंत वाट पाहिली. माणसे सुटली असे झाले नाही, फक्त मालक बदलला. मोटारी आल्या होत्या, रस्ते हवे होते, आणि परगण्यांनी कैद्यांच्या साखळदंडी टोळ्या खडी फोडायला जुंपल्या. पायात रिव्हेट ठोकून बसवलेली बेडी झोपेतही निघत नसे. अशा टोळ्यांतही गोऱ्यांना आणि काळ्यांना वेगळे ठेवण्याचा दक्षिणेचा दंडक होता. मग चित्रपटातली जोडी आली कुठून? पटकथेलाच हे खटकले असावे, कारण शेरीफच्या तोंडी तिने खुलासा घातला आहे, की तुरुंगाधिकाऱ्याला ही गंमत सुचली. म्हणजे कथेचा पाया हाच मुळात रिवाजाला अपवाद आहे. शिवाय या अपवादाने वजनाची विभागणी बदलते. पडद्यावर साखळी दोघांना सारखीच काचते. प्रत्यक्षात ती कुणासाठी घडवली गेली होती, हे मिसिसिपीच्या कायद्यात स्वच्छ लिहिलेले होते.

यावर कुणी म्हणेल, की गोरे कैदीही या टोळ्यांत होतेच. होते. रॉबर्ट बर्न्स हा पहिल्या महायुद्धातला सैनिक. सहा डॉलरहूनही कमी रकमेच्या लुटीबद्दल जॉर्जियात त्याला 6 ते 10 वर्षांची शिक्षा झाली. तो दोनदा पळाला, आणि त्याच्या आत्मकथनावरून 1932 साली पॉल म्युनीचा गाजलेला चित्रपट निघाला. देश हादरला. त्याच वर्षी पत्रकार जॉन स्पिव्हाक यांची जॉर्जियातल्या कृष्णवर्णीय कैद्यांवरची कादंबरी छायाचित्रांसह प्रसिद्ध झाली होती. तिची आठवण आज अभ्यासकांनाच आहे. म्युनीच्या चित्रपटात नायकाची बेडी घणाचे घाव घालून वाकवतो तो एक कृष्णवर्णीय कैदी. पाय निघेल इतके कडे वाकते, नायक पळतो, घण मारणारा मागेच राहतो. 1945 साली गव्हर्नर एलिस अर्नाल यांनी बर्न्सची बाजू घेतली आणि त्याची शिक्षा संपली. गोऱ्याच्या पायातली बेडी दिसली तेव्हाच लोकांना ती अन्याय वाटली, यातच या आक्षेपाचे उत्तर आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नाटकाला माणसे लागतात, महसुलाचा ताळेबंद पडद्यावर कसा मांडणार? पण तुरुंग हाच कथेचा विषय करणारा चित्रपट त्याच सुमारास आपल्याकडे झाला होता. ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिच्यामागे औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा खरा प्रयोग. तिथे वाद होतो तो कैद्याला कसे ठेवावे याचाच. 1958 च्या बर्लिन महोत्सवात शांतारामांच्या या चित्रपटाला आणि पॉइटिएंच्या अभिनयाला, दोघांनाही रौप्य अस्वल मिळाले. क्रेमर यांच्या कथेत मात्र गाडी उलटताच तुरुंग मागे पडतो आणि पुन्हा दिसत नाही. शेवटी कलेन चालत्या आगगाडीवर चढलेला असतो, जॅक्सनला वर ओढताना त्याचा हात न सोडता तोही खाली कोसळतो. गोरे प्रेक्षक यावर हेलावले आणि हार्लेमचे कृष्णवर्णीय प्रेक्षक संतापले, असे लेखक जेम्स बॉल्डविन यांनी नोंदवले आहे. त्या संतापाला इतिहासाचा आधार होता: सुटकेची किंमत पुन्हा कृष्णवर्णीयानेच मोजली.

क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या धैर्याला याने बाध येत नाही. पटकथाकार नेड्रिक यंग हे हॉलिवूडच्या काळ्या यादीतले. श्रेयनामावलीत त्यांना नाथन डग्लस हे टोपणनाव घ्यावे लागले. सुरुवातीला कैद्यांची गाडी हाकणारे दोघे म्हणजे यंग आणि त्यांचे सहलेखक हॅरल्ड जेकब स्मिथ. त्यांच्या चेहऱ्यांवरच लेखनाचे श्रेय उमटते. ज्यांची नावे पुसली जात होती त्यांनी तोंड दाखवण्याची ही वाट काढली, आणि पटकथेला ऑस्करही मिळाले. उत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नामांकन मिळवणारे पॉइटिए हे पहिले कृष्णवर्णीय पुरुष. लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना लष्कराच्या पहाऱ्यात जावे लागले त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. अशा वेळी कृष्णवर्णीय माणसाला बरोबरीने पडद्यावर उभे करणे ही मोठीच गोष्ट होती. साखळीचा हिशेब मात्र तसाच उरला. 1995 साली अलाबामाने साखळदंडी टोळ्या पुन्हा रस्त्यावर आणल्या आणि न्यायालयात दावा गेल्यावर पुढच्या वर्षी थांबवल्या. 2022 साली तिथल्या मतदारांनी सक्तीच्या श्रमाची सवलत राज्याच्या घटनेतून काढून टाकली. देशाच्या घटनेत, तेराव्या दुरुस्तीत, ती अजून आहे.