‘ध’चा ‘मा’ : करुणा आणि जबाबदारी

मराठी माणूस बेळगावचा असो, इंदूरचा असो वा बडोद्याचा, ‘ध’चा ‘मा’ करणे म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. नारायणराव पेशव्यांस ‘धरावे’ असा हुकूम राघोबादादांनी लिहिला आणि आनंदीबाईंनी एक अक्षर फिरवून त्याचा ‘मारावे’ असा केला, ही कथा आपण लहानपणीच ऐकलेली असते. ती इतकी परिचयाची आहे की तिच्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याचे आपल्या मनात सहसा येत नाही. परंतु कथेतील अपराध्याविषयी दया कशी बाळगावी आणि त्याच्याकडे जाब कसा मागावा, या प्रश्नाचा विचार करू लागलो की हीच कथा प्रथम तपासून पाहावीशी वाटते.

आधी निर्विवाद घटना ध्यानात घेऊ. थोरले माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात वारले. त्यांच्या मागून गादीवर आलेले नारायणराव वयाने लहान, स्वभावाने तापट. चुलते रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, सुमेरसिंग गारद्याची माणसे थकलेल्या पगाराचा गलबला करीत वाड्यात घुसली. अठरा वर्षांचा तो पेशवा जीव वाचवण्यासाठी चुलत्याच्या दालनात धावला, चुलत्याला त्याने मिठी घातली. पण ती मिठी त्याला तारू शकली नाही. धन्याला आपल्या अंगाखाली झाकू पाहणारा चापाजी टिळेकर हा सेवकही तेथेच कापला गेला. पुढे साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आली ती रघुनाथरावांच्या अंगावर चढली.

आता हा रघुनाथराव कोण? १७५८ साली लाहोर घेऊन मराठ्यांचा दरारा अटकेपर्यंत नेणारा हाच सेनानी. ज्या नावाने महाराष्ट्राची छाती फुगावी त्याच नावाने त्याची मान खाली जावी, अशी ही विलक्षण जोडी आहे. पराक्रमी, पण चंचल. मानी, पण कानाचा हलका. १७६८ साली धोडपच्या लढाईत पुतण्याने त्याचा पराभव केला आणि त्याला वाड्यात बंदिस्त करून ठेवले. ज्याने पंजाबची मैदाने तुडवली त्याने चार भिंतींत दिवस मोजत बसावे, आणि पुतण्या गेल्यावरही त्याहून लहान पुतण्याच्या पहाऱ्यात राहावे, या स्थितीतली आग समजून घेणे कठीण नाही. त्याच्याविषयी ज्याला कणव वाटत नाही त्याने इतिहास वाचला असेल, माणूस वाचलेला नाही.

परंतु कणव वाटली म्हणजे हिशेब संपत नाही. आपल्या समाजाने ही कणव कोणत्या मार्गाने व्यक्त केली ते पाहिले पाहिजे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात या फिरवलेल्या शब्दाची हकीकत आहे आणि ती फिरवाफिरव आनंदीबाईंनीच केली असा सार्वत्रिक समज असल्याचे त्याने नमूद केले आहे. म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी छापून आलेला तो एक ‘समज’. ज्या कागदावर ते अक्षर फिरवले गेले म्हणतात तो मूळ कागद आजवर पुढे आलेला नाही. बडोदे संस्थानच्या सेवेत हयात घालवलेल्या रियासतकार सरदेसायांनी पुढे पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादून छापले. त्या अफाट संभारातही तो हुकूम नाही. तरीही कथा टिकली, कारण ती आपली एक गरज भागवीत होती. अटकेपर्यंत गेलेल्या वीराने आपल्या पुतण्याचा खून करविला, हे मनाला सोसवत नव्हते. तेव्हा ‘धरावे’ त्याच्या पदरात टाकले आणि ‘मारावे’ त्याच्या बायकोच्या. पुरुषावर दया केली ती स्त्रीच्या खर्चाने!

आनंदीबाई निरपराध होत्या, असे प्रमाणपत्र देण्याचा माझा हेतू नाही. त्या महत्त्वाकांक्षी होत्या आणि नवऱ्याच्या हक्कासाठी धडपडत होत्या. पण संशय वेगळा आणि सिद्ध झालेला अपराध वेगळा. रंगभूमीने हा भेद फारसा ठेवला नाही. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ साली आले. सुरतेस राष्ट्रसभेत फूट पडून तेव्हा दोनच वर्षे झाली होती, आणि घरच्या दुहीने राज्य बुडते हा त्या नाटकाचा बोध प्रेक्षकांच्या काळजाला भिडला. त्यातले राघोबा दोलायमान आहेत, आणि त्यांना पुढे रेटणारी शक्ती आनंदीबाईंची आहे. नाटक म्हणून ही योजना अत्यंत परिणामकारक. पण पडदा पडल्यावर प्रेक्षक घरी घेऊन जातो तो निकाल असतो, आणि तो निकाल ज्या व्यक्तीविरुद्ध लागला तिला बाजू मांडण्याची संधी मिळालेली नसते. पुढे कित्येक घरांत कारस्थानी बाईला ‘आनंदीबाई’ म्हणण्याची चाल पडली, ती अशा निकालांमुळेच.

याच कथेत या वृत्तीवरचा उताराही आहे. तो म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. प्रभात कंपनीने १९४४ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, इतका हा पुरुष लोकमानसात रुजलेला आहे. शास्त्रीबुवांनी चौकशी केली आणि दोष थेट सत्ताधीशाच्या पदरात घातला. या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितल्याचे परंपरा सांगते. त्यांनी पद सोडले, पुणेही सोडले. एक अक्षर कोणी फिरवले हा प्रश्न त्यांच्या न्यायाच्या आड आला नाही. कारण हुकूम ‘धरावे’ एवढाच होता असे घटकाभर मानले, तरी राज्याच्या धन्याला भाडोत्री गारद्यांकरवी धरविणे हाच अपराध. आणि खुनानंतर मारेकऱ्यांना शासन न करता मृताच्या आसनावर बसणे हा त्याहून मोठा. हा दुसरा अपराध तर कोणाच्याही लेखणीने केलेला नव्हता.

धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताची पहिली पायरी पापकथनाची आहे. अपराध्याने परिषदेपुढे उभे राहून आपले कृत्य आपल्या मुखाने सांगावे, मग शुद्धीचा विचार. राघोबादादांनी ही पायरी चढण्याऐवजी वाट धरली ती गुजरातची. बारभाईंनी सत्ता हाती घेतली, १७७४ च्या एप्रिलात पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, आणि दादांनी ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस इंग्रजांशी तह करून वसई आणि साष्टी देऊ केली. एका माणसाने आपल्या कृत्याचा जाब टाळला, त्याची किंमत सात वर्षांच्या युद्धाने दौलतीने भरली. १७८२ साली ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने तह झाला, तेव्हा अटकेच्या वीरासाठी उरले ते दरमहा पंचवीस हजारांचे वेतन. पुढच्याच वर्षी कोपरगावी गोदाकाठी त्यांचा अंत झाला. आनंदीबाई त्यानंतर दहा वर्षे जगल्या आणि १७९४ साली वारल्या. लोकांनी ठरविलेला दोष त्यांच्या नावाला चिकटला तो कायमचा.

तेव्हा कथाकाराने खलपुरुषावर दया करू नये काय? अवश्य करावी. त्याची कोंडी, त्याचा अपमान, रात्री त्याला न येणारी झोप, सारे दाखवावे. त्याशिवाय माणूस पापापर्यंत कसा पोचतो हे आपल्याला कळणार नाही, आणि स्वतःच्या मनातली ती वाटही ओळखता येणार नाही. मात्र दया करताना त्याच्या हातून झालेले कृत्य त्याच्याच हातात राहू द्यावे. ते उचलून जवळच्या दुर्बळाच्या ओंजळीत टाकले, तर ज्याच्यावर दया केली त्याच्याही उद्धाराचा मार्ग बंद होतो. जे पाप त्याने केलेच नाही त्याचा पश्चात्ताप तो कसा करणार? ‘ध’चा ‘मा’ कोणी केला हे आज सांगता येत नाही. पण ही कथा मुलांना पुन्हा सांगताना एवढे तरी सांगावे, की रामशास्त्र्यांनी जाब विचारला तो दादांना.