बोरघाटाच्या वरचे मृत्युपत्र

कामशेतच्या बाजारात भाताच्या पोत्यांवर बसून गप्पा निघाल्या की वाटण्यांचा विषय हटकून निघतो. मृत्युपत्राचे नाव मात्र कोणी काढीत नाही. काढलेच तर म्हातारा विचारतो, "मला घालवायला निघालात काय?" आमचे कायद्याचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, पुस्तके चाळून झाले. त्यात एक गोष्ट आढळली, ती श्रोत्यांपुढे ठेवतो.

१८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि मावळचा माणूस मुंबईत पोट भरू लागला. सातच वर्षांनी हिंदूंच्या मृत्युपत्रांचा कायदा आला. १ सप्टेंबर १८७० पासून मुंबई शहरात केलेले मृत्युपत्र लेखी हवे, त्यावर सही वा अंगठा हवा, दोन साक्षीदार हवेत. घाटावर तो लागू नव्हता. म्हणजे एकच गडी परळच्या खोलीत अंथरुणाला खिळला तर कागद हवा. गावी ओसरीवर चार माणसांदेखत बोलला तर तोंडचा शब्दही मृत्युपत्र ठरे! ही तफावत १ जानेवारी १९२७ रोजी संपली. (मुसलमानांचा नियम निराळा, तो येथे नको.)

शब्दाला मोल होते, हे ऐकायला गोड. पण ऐकणारे बहुधा भाऊबंदच. विधवेच्या बाजूने साक्ष देणार कोण? शिवाय देण्यासारखे होते तरी काय? एकत्र कुटुंबातील जमिनीचा अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देताच येत नसे. ती मुभा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने दिली. त्याच कायद्याने विधवेची हयातीपुरती मालकी पूर्ण झाली. मात्र त्या मुभेचा उपयोग मुलींना वगळण्याकडेही झाला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. महाराष्ट्राने १९९४ साली व पुढे केंद्राने २००५ साली मुलीला जन्मतः हिस्सेदार केले. आता वडिलोपार्जित मिळकतीत बापाने स्वतःच्या हिश्शापुरते लिहावे, मुलीच्या हिश्शावर त्याची लेखणी चालत नाही.

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. कोरा कागद पुरतो. अडते ते साक्षीदारांवर. आमच्या एका कामगाराने स्वकष्टाची खोली दुसऱ्या बायकोच्या नावे लिहून ठेवली होती. अक्षर त्याचे, सही त्याची, साक्षीदार एकच. कागद टिकला नाही. खोली सावत्र मुलांबरोबर वाटून घेण्याची पाळी तिच्यावर आली, आणि आम्ही कचेरीत तो कागद पुन्हा पुन्हा उलटून पाहत बसलो.