इसेला जायचंय ना, मग उठा!

उठा. अजून झुंजूमुंजूही झालेलं नाही, पण वेळेची घंटा वाजून गेली आणि तुमचे दोघे मित्र दाराशी खोळंबलेत. एक सुतार, दुसरा तांदळाचा दुकानदार. गाव एदो, म्हणजे आजचं तोक्यो. काळ दोनशे वर्षांपूर्वीचा.

पायांत पेंढ्याच्या चपला घाला, पोटऱ्यांना पट्ट्या गुंडाळा. मोबाइल शोधू नका. त्याऐवजी कमरेला ती नाण्यांची माळ बांधा. मध्ये भोक असलेली तांब्याची नाणी दोरीत ओवलेली आहेत. चालताना कमरेला टोचतील, पण ती हरवली तर पुढचं जेवण नाही.

पैसे तुमचे एकट्याचे नाहीत. गल्लीतल्या सगळ्यांनी दर महिन्याला थोडे थोडे टाकून जमवलेली ही भिशीच. फरक एवढाच, की चिठ्ठी ज्यांची निघेल त्यांनी सगळ्यांच्या वतीने इसेला जाऊन सूर्यदेवीचं दर्शन घ्यायचं. यंदा तुमची तिघांची निघाली. घरमालकाने परवानाही लिहून दिला आहे. मजा करायला चाललो म्हणाला असतात तर दिला नसता. देवीचं नाव घेतल्यावर अडवायची कुणाची छाती आहे? सुतार आत्तापासूनच गालातल्या गालात हसतोय. त्याला सगळं ठाऊक आहे.

निहोनबाशीच्या पुलावर याल तेव्हा आधी नाक जागं होईल. मासळीबाजार शेजारीच आहे. टोपल्यांतून पाणी गळतंय, फळ्या निसरड्या झाल्यात, कोळी एकमेकांवर खेकसतायत. इथून तोकाइदो रस्ता सुरू होतो. थेट क्योतोपर्यंत जवळपास 490 किलोमीटर, वाटेत 53 मुक्काम. रोज 35 किलोमीटर तरी तुडवायचे. घाबरू नका, लोक रोज तुडवतात.

पारंपरिक जपान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे रेतीवर रेघा ओढलेली बाग आणि मौनात प्यायलेला चहा येतो, हो ना? तो चहा पिणारे वेगळे. इथे पाइन झाडांच्या दोन रांगांमधून घोड्याची लीद, धूळ आणि आरडाओरडा वाहतोय. उघडे पालखीवाले ‘पाय दुखले का?’ विचारत मागे लागतील. घोड्यांच्या पायांतही पेंढ्याच्याच चपला असतात. झिजलेल्या चपलांचे, माणसांच्या आणि घोड्यांच्याही, रस्त्याकडेला ढीग पडलेत. तुमच्याही आज संध्याकाळपर्यंत फाटतील. फेका आणि नव्या घ्या.

ओदावाराला एखाद्या सराईत लोखंडी तळाची न्हाणी दिसली तर जरा जपून. खाली थेट जाळ आहे आणि पाण्यावर एक लाकडी फळी तरंगतेय. तिला झाकण समजून काढून ठेवू नका! ती पायाखाली दाबून आत बसायचं असतं. विनोदी लेखक जिप्पेन्शा इक्कूच्या पुस्तकातल्या दोघा मित्रांनी इथेच ती चूक केली, मग पाय भाजू नयेत म्हणून लाकडी खडावा घालून आत उतरले आणि तळच फोडला. पुस्तक इतकं खपलंय, की तुमचा दुकानदार मित्र फळी बघताच खो खो हसत सुटतो.

हाकोनेचा घाट चढताना मात्र कुणी हसत नाही. ओल्या दगडांवरून पाय घसरतो. वाटेतल्या टपरीवर तांदळाची गरम, गोडसर आमाझाके मिळते, ती घ्याच. तपासणी नाक्यावर टोपी काढा आणि गप्प राहा. पुरुषांना फार त्रास नाही. बायकांचे केस सोडवून बघायला मात्र तिथे खास बाई नेमली आहे.

मारिकोला सातूमिश्रित भातावर किसलेल्या कंदाचं बुळबुळीत कालवण ओतून खाल्लंत, की पुढे ओई नदी.

पात्र जवळजवळ किलोमीटरभर रुंद, आणि पूल नाही. होडीही नाही. जायचं ते माणसाच्या खांद्यावर. आधी कचेरीत तिकीट काढा. दर पाण्यावर ठरतो, आणि मोजतात मोनमध्ये, म्हणजे त्या कमरेच्या नाण्यांत. हमालाच्या जांघेपर्यंत पाणी असेल तर 48 मोन, काखेपर्यंत असेल तर 94. सराईत दोन जेवणांसकट रात्र काढायला साधारण 200 मोन पडतात, म्हणजे बघा. त्याहून चढलं की नदी बंद. मग बसा अलीकडच्या शिमादा गावात पैसे उडवत, पाणी ओसरेपर्यंत. आज तुमचं नशीब बरं आहे. एक लंगोटीवाला तुमचं तिकीट केसांत खोचतो आणि पुढ्यात उकिडवा बसतो. चढा मानेवर. ओला खांदा, घामाचा भपकारा, तुमच्या मांड्यांमध्ये त्याचं डोकं. मधोमध त्याचा पाय गोट्यावरून सरकतो आणि तुम्ही त्याचे कान गच्च धरता. तो शिव्या घालतो. दुकानदार वजनदार, म्हणून चौघांनी उचललेल्या फळीवर ऐसपैस बसून चाललाय आणि तुमच्याकडे बघून हात हलवतोय. त्याचा खर्च वाटून घ्यायचा की नाही, यावर पुढचे दोन कोस भांडण चालेल.

आणखी काही दिवसांनी गोयूला अंधार पडता पडता पोचाल. पुढचं आकासाका दोन किलोमीटरही नाही, त्यामुळे इथल्या सराया गिऱ्हाईक सोडतच नाहीत. तोंडाला पांढरा लेप थापलेल्या बाया धावत येऊन तुमची बाही, गाठोडं, मान, जे हाती लागेल ते धरून आत ओढतात. आत गेलात की पाय धुवायला कोमट पाण्याची बादली येते. त्या पाण्यात पाय बुडवल्यावर जे वाटतं, त्यासाठी तरी हा प्रवास करावा. मग सामाईक पाण्यात आंघोळ, भात, सूप, मासा, लोणचं. कागदी सरकत्या दारापलीकडे कुणीतरी घोरतंय, कुणी शामिसेन छेडतंय. झोपण्याआधी संडास आणि मागचं दार कुठे आहे ते बघून ठेवा. प्रवाशांसाठीच्या पुस्तकातही हेच सांगितलंय.

मियाहून होडीने कुवाना. तिथे पाइनच्या बोंडांवर भाजलेल्या तिसऱ्या मिळतात. धुराने डोळे चुरचुरतील, पण खा.

तिथून पुढे तोकाइदो सोडायचा, आणि हे इसे. पुलाखाली पोरं लांब काठ्यांना जाळी लावून उभी आहेत, तुम्ही वरून टाकलेलं नाणं हवेतच झेलतात. इसेला देवळं दोन; त्यांच्या मधल्या चढावर शामिसेन वाजवणाऱ्या बायका बसल्यात आणि लोक त्यांच्या तोंडावर नेम धरून नाणी मारतायत. खेळच आहे तो: त्या हसत हसत चुकवतात. सुताराने मूठभर नाणी उडवली, एक लागेल तर शपथ.

दर्शन तासाभरात उरकतं. त्यानंतर काळ्या रसातले जाड, मऊ उदोन नूडल्स भुरकताना दुकानदार हळूच विषय काढतो: ‘आलोच आहोत, तर क्योतो?’ सुतार नाणी मोजतो. निघताना शेजाऱ्यांनी हातावर पैसे ठेवले होते, त्या प्रत्येकाला काहीतरी न्यावंच लागणार. म्हणून पंचांगं आणि गंडेताईतच घ्या. क्योतोहून एदोपर्यंत सगळं पाठीवरच वाहायचं आहे.