शटडाऊन: बोईसर-तारापूरच्या एका शब्दाची आणि त्यामागच्या स्क्रिप्टची कुळकथा

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यातील रोजच्या बोलण्यात ‘शटडाऊन’ हा शब्द मराठी क्रियापदे लावून सर्रास वापरला जातो. रासायनिक कारखान्यात ‘शटडाऊन घेतला’ असे म्हटले जाते, तेव्हा यंत्रे नुसती थांबली असा अर्थ कोणी घेत नाही. टाक्या रिकाम्या करणे, वाहिन्या धुणे, झडपा बंद करून त्यांवर खुणेच्या पाट्या लावणे अशी क्रमवार कामे पूर्ण झाली, असाच तो घेतला जातो. बंद करणे हे चालू करण्याइतकेच कसबाचे काम आहे, ही जाण मराठीला नवी नाही. दुकान बंद करायचे नसते, ‘वाढवायचे’ असते. दिवा ‘मालवायचा’ असतो. आणि पालघरजवळच्या सातपाटीसारख्या बंदरांत पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून ‘शाकारायच्या’ असतात. काम पुन्हा सुरू करता यावे अशा रीतीने ते थांबवणे, हा या सर्व शब्दांचा गाभा आहे. कारखान्यांच्या संगणक कक्षांतील माहितीसाठ्याचे सर्व्हर चालू-बंद करणाऱ्या शेल स्क्रिप्टचे, म्हणजे क्रमाने लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या फाइलीचे, कूळही याच गाभ्याशी पोहोचते.

या भागात शब्दाची काटेकोर व्याख्या तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात सापडते. तारापूरचे पहिले दोन संच २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी वीजनिर्मितीत उतरले. ते उकळत्या पाण्याच्या पद्धतीचे असून त्यांतील नियंत्रक कांड्या खालून वर सरकतात. कांड्या टप्प्याटप्प्याने सरकवून शक्ती उतरवणे हा नियोजित शटडाऊन, तर धोका दिसताच सर्व कांड्या एकदम आत ढकलणे हा आपत्कालीन शटडाऊन, ज्याला ‘स्क्रॅम’ म्हणतात. साखळी अभिक्रिया थांबली तरी किरणोत्सारी अवशेषांची उष्णता लगेच थांबत नाही. सुरुवातीच्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या सुमारे सहा-सात टक्के असते आणि तिच्यासाठी शीतकरण चालू ठेवावेच लागते. म्हणून कळ दाबल्यावर काम संपत नाही, तेथून बंद करण्याचे काम सुरू होते.

योगायोगाने १९६९ हेच युनिक्स या संगणक प्रणालीच्या जन्माचे वर्ष आहे. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी तिची पहिली बांधणी त्या वर्षी केली. आज्ञा एका फाइलीत ओळीने लिहून ठेवाव्यात आणि संगणकाने त्या क्रमाने पाळाव्यात, ही कल्पना मात्र त्याआधीची आहे. एमआयटीमधील सीटीएसएस प्रणालीवर काम करताना लुई पूझँ यांनी १९६३-६४ च्या सुमारास ‘रनकॉम’ नावाचा असा कार्यक्रम लिहिला आणि आज्ञा स्वीकारणाऱ्या बाह्य आवरणाला ‘शेल’, म्हणजे कवच, हे नावही त्यांनीच दिले. रनकॉमची स्मृती युनिक्समधील ‘आरसी’ या दोन अक्षरांत टिकून आहे. यंत्र सुरू होताना पाळायच्या आज्ञांची फाइल आजही त्या नावाने ओळखली जाते. पुढे १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला. त्यातील ‘केस’ या रचनेमुळे एकाच स्क्रिप्टमध्ये ‘स्टार्ट’ आणि ‘स्टॉप’ या दोन शाखा शेजारी-शेजारी लिहिणे सोपे झाले, आणि चालू व बंद करण्याची जबाबदारी एकाच कागदावर आली.

माहितीसाठ्याच्या सर्व्हरला अशी स्क्रिप्ट का लागते, हे जुन्या हिशेबपद्धतीवरून नीट कळते. व्यापारी पेढीत व्यवहार आधी कीर्दीत, म्हणजे रोजच्या वहीत, उतरतो आणि मग सवडीने खतावणीत खातेवार मांडला जातो. सर्व्हरही बदल आधी ‘लॉग’ नावाच्या कीर्दीत पक्का करतो. खतावणीची पाने, म्हणजे मुख्य माहितीच्या फाइली, काही काळ स्मृतीतच बदललेल्या असतात आणि नंतर डिस्कवर उतरतात. या शिस्तीवर आधारलेली सावरण्याची एक पद्धत सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये ‘एरिस’ या नावाने मांडली. तिचा विस्तृत शोधनिबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. वीज अचानक गेली तर सर्व्हर पुन्हा सुरू होताना कीर्द वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार खतावणीत चढवतो आणि अर्धवट राहिलेले मागे घेतो. नीट वाढवलेल्या दुकानात मात्र हे करण्याची वेळच येत नाही, कारण बंद होण्यापूर्वीच दोन्ही वह्यांचा मेळ बसवलेला असतो.

म्हणूनच माहितीसाठ्याच्या प्रणालींनी बंद होण्याचे प्रकार वेगळे केले. ओरॅकल या प्रणालीमध्ये ‘नॉर्मल’ शटडाऊन सर्व वापरकर्ते आपणहून बाहेर पडेपर्यंत थांबतो, ‘ट्रान्झॅक्शनल’ चालू व्यवहार पूर्ण होऊ देतो, ‘इमिजिएट’ अपूर्ण व्यवहार मागे घेऊन मेळ बसवतो, आणि ‘ॲबॉर्ट’ मेळ न बसवताच थांबतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या प्रणालीमध्ये ‘स्मार्ट’, ‘फास्ट’ आणि ‘इमिजिएट’ असे तीन प्रकार आहेत. मात्र तेथील ‘इमिजिएट’ ओरॅकलच्या ‘ॲबॉर्ट’शी जुळतो, त्यामुळे एका प्रणालीची सवय दुसऱ्या प्रणालीवर नेणे धोक्याचे ठरते. सुरू होण्यालाही पायऱ्या आहेत: ओरॅकल आधी स्मृती राखून पार्श्वभूमीची कामे उभी करतो, मग नियंत्रण फाइल वाचतो आणि शेवटी माहितीच्या फाइली उघडतो.

ओरॅकलने या पायऱ्यांसाठी ‘डीबीस्टार्ट’ आणि ‘डीबीशट’ या दोन तयार स्क्रिप्ट दिल्या. ‘ओराटॅब’ नावाच्या फाइलीत प्रत्येक माहितीसाठ्याचे नाव, त्याच्या प्रणालीचे स्थान आणि ‘वाय’ किंवा ‘एन’ हे अक्षर असते. ज्या ओळीपुढे ‘वाय’, तोच साठा यंत्राबरोबर आपोआप उठतो. या स्क्रिप्टना यंत्राच्या दिनक्रमात गुंफण्याचे काम सिस्टिम फाइव्ह युनिक्सच्या घडीने केले. तीत ‘एस’ने सुरू होणारे दुवे चालू करतात, ‘के’ने सुरू होणारे बंद करतात आणि पुढचे दोन अंक क्रम ठरवतात. साठा आधी उठावा व त्यावरचा हिशेबाचा कार्यक्रम नंतर, आणि बंद करताना हा क्रम उलटा व्हावा, हे शहाणपण त्या अंकांत साठवलेले असते. रेड हॅट लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांत मात्र एक खोच होती: सेवा चालू असल्याची खूण म्हणून ठरलेल्या जागी एक रिकामी फाइल नसेल, तर बंद करण्याचा दुवा पाळलाच जात नसे. ती फाइल निर्माण करणारी एक ओळ विसरली की सर्व्हर दरवेळी उत्तम सुरू होई आणि दरवेळी चुकीचा बंद पडे.

२०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी पुढे आणलेल्या ‘सिस्टिमडी’ या लिनक्सवरील सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रणालीने अंकांऐवजी परस्परावलंबन स्पष्ट लिहिण्याची पद्धत रूढ केली. तिच्यातही सावधपणा सुटत नाही. सेवा थांबण्यासाठी ती सहसा ९० सेकंद वाट पाहते आणि मग सक्तीने मारते. मोठ्या साठ्याला वह्यांचा मेळ बसवायला अधिक वेळ लागत असेल, तर ही मुदत वाढवून लिहावी लागते.

किनाऱ्यावरील या पट्ट्यात पावसाळी वादळे आणि खंडित वीज हा कल्पनेचा विषय नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाने पालघरच्या किनारपट्टीला त्याची आठवण करून दिली. अशा वेळी यूपीएसची बॅटरी जी थोडी मिनिटे देते, त्या मिनिटांत कोणी जाणकार कक्षात असेलच असे नाही, आणि तेथे उभी राहते ती आधी शांतपणे लिहून ठेवलेली स्क्रिप्ट. अनुभवी माणसाच्या हातातील क्रम लेखी करून तो गैरहजेरीतही पाळला जाईल अशी तजवीज करणे, हीच तिची खरी कुळकथा आहे. म्हणून तारापूर एमआयडीसीतील प्रत्येक कारखान्याने वार्षिक शटडाऊनच्या यादीत आणखी एक काम लिहावे: त्याच दिवशी सर्व्हरची ‘स्टॉप’ शाखा प्रत्यक्ष चालवून पाहावी आणि पुढच्या सुरुवातीच्या नोंदीत साठा मागच्या वेळी नीट बंद झाला होता की कीर्द वाचून सावरावा लागला, हे तपासावे.