विजेचे सूप

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस घरोघर सुपाचा आवाज ऐकू येई, ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल. चकलीच्या भाजणीचे तांदूळ आणि डाळी पाखडायला आजी बसली की आम्ही मुले भोवती जमत असू. वर उडवले की फोल पुढे जाई, दाणा मागे राही. मग सुपाला एक तिरपा हिसका दिला की खडे एका कोपऱ्यात गोळा होत. दाण्याला बोटही न लावता निवड होई. जड आणि हलके, एवढ्या एका भेदावर तिचे सारे शास्त्र उभे होते.

पण निवडायची वस्तू डोळ्यांना दिसतच नसली तर? रक्तात विरघळलेली प्रथिने एकमेकांपासून वेगळी करायची, किंवा मेलेल्या पेशींतून जिवंत पेशी वेचायच्या, तर तेथे चाळणीची भोके पुरत नाहीत आणि वाऱ्याचाही उपयोग नाही. या कामासाठी माणसाने दोनशे वर्षे खपून विजेचे सूप घडवले. त्याची ही हकीकत.

आरंभ अगदी चिखलातून झाला. व्होल्टाने 1800 मध्ये विजेची पहिली बॅटरी केली आणि युरोपातला प्रत्येक हौशी प्राध्यापक हाताला लागेल त्या वस्तूतून वीज सोडून पाहू लागला. मॉस्को विद्यापीठात फेर्डिनांड रॉइस नावाचे एक जर्मन प्राध्यापक होते. त्यांनी 1807 मध्ये ओल्या चिकणमातीच्या गोळ्यात काचेच्या दोन नळ्या खोचल्या, तळाशी धुतलेली वाळू घातली, वर पाणी भरले आणि दोन्हींत बॅटरीच्या तारा सोडल्या. थोड्या वेळाने धनाग्राकडच्या नळीतले पाणी गढूळ झाले. मातीचे बारीक कण वाळूतून वाट काढत वर चढत होते. ऋणाग्राकडच्या नळीत पाणी स्वच्छच राहिले, पण त्याची पातळी वाढली. म्हणजे वीज मातीला एकीकडे ओढत होती आणि पाण्याला दुसरीकडे. दोन ओढींचा हा शोध एकाच बैठकीत लागला, आणि पुढे शंभर वर्षे त्याचे नेमके करायचे काय हे कुणाला सुचले नाही.

ते सुचले स्वीडनमध्ये. आर्ने टिसेलिउस हा तरुण 1925 मध्ये उप्साला येथे स्वेडबेर्ग या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली आला. प्रथिनांच्या कणांवर विद्युत्भार असतो, आणि प्रत्येक प्रथिनावर तो कमीजास्त असतो. तेव्हा त्यांना विजेच्या ओढीत सोडले तर कुणी पुढे पळेल, कुणी मागे रेंगाळेल, आणि आपोआप पांगापांग होईल. कल्पना सरळ होती. अडचण होती उष्णतेची. वीज वाहिली की पाणी तापते, तापलेले पाणी वर चढते, थंड खाली येते, आणि या घुसळणीत झालेली निवड पुन्हा कालवली जाते. पाखडत असताना कुणीतरी सुपात हात घालून ढवळावे तसे. 1930 मध्ये टिसेलिउसने यावर प्रबंध लिहिला, पण त्याचे समाधान झाले नव्हते.

त्याने काढलेली तोड मोठी सुरेख होती. पाणी चार अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत दाट असते, आणि तेथे तापमान जरासे हलले तरी त्याची घनता फारशी बदलत नाही. मग सारी नळीच तेवढी थंड ठेवली तर? शिवाय नळी गोल न करता चपट्या चौकोनी आकाराची केली, म्हणजे आतली उष्णता झटकन बाहेर जाते. 1937 मध्ये हे यंत्र प्रसिद्ध झाले. रक्त गोठल्यावर जे पिवळसर पाणी उरते, त्याला सीरम म्हणतात. ते या नळीत घातले तेव्हा अल्ब्युमिन एका बाजूला झाले आणि मागोमाग ग्लोब्युलिनच्या तीन तुकड्या निघाल्या. त्यांना अल्फा, बीटा, गॅमा ही नावे मिळाली. रोगाशी झुंजणारी प्रतिद्रव्ये मुख्यतः या गॅमाच्या गर्दीत असतात, हे दोन वर्षांत कळले. 1948 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक टिसेलिउसला मिळाले. यंत्र मात्र चांगले वीस फूट लांब! एका खोलीत मावायचे नाही असे सूप.

या अगडबंब यंत्राने केलेले सर्वांत मोठे काम मात्र उप्सालात झाले नाही, अमेरिकेत कॅलिफोर्नियात झाले. तेथे लायनस पॉलिंग यांना 1945 मध्ये विल्यम कॅसल या डॉक्टरांकडून एका विचित्र रोगाची माहिती कळली. या रोगात रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की वाकड्या होतात, विळ्यासारख्या. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्याला हाडे फुटावीत तशा वेदना होतात. पॉलिंगना वाटले, दोष पेशीत नसून पेशीत भरलेल्या हिमोग्लोबिनमध्येच असावा. ही शंका त्यांनी हार्वे इटानो या तरुण डॉक्टराकडे सोपवली.

या इटानोविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हा जपानी आईबापांचा, कॅलिफोर्नियात जन्मलेला मुलगा. 1942 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठाने आपले सर्वोच्च पदक त्याला दिले, पण ते घ्यायला तो हजर नव्हता. युद्धामुळे जपानी वंशाच्या लोकांना सरकारने छावण्यांत डांबले होते, आणि हा गुणवंत विद्यार्थी तेथे काटेरी कुंपणाआड बसला होता. सुटल्यावर तो डॉक्टर झाला आणि 1946 मध्ये पॉलिंगकडे आला. ज्याला केवळ रक्ताच्या नात्यावरून वेगळे काढले गेले, त्यानेच रक्तातला खरा भेद शोधावा, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

टिसेलिउसच्या यंत्रात निरोग्याचे हिमोग्लोबिन एका वेगाने चाले, रोग्याचे दुसऱ्या. आणि रोग्यांच्या आईबापांसारखे जे लोक स्वतः धडधाकट असत, त्यांच्या रक्तात दोन्ही जाती एकत्र निघत. रेणूच्या एका बदलाने माणूस आजारी पडतो, हे प्रथमच डोळ्यांपुढे आले. नोव्हेंबर 1949 च्या सायन्स नियतकालिकात हा निबंध छापून आला. पुढे 1957 च्या सुमारास व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिज येथे नेमकी चूकही पकडली. हिमोग्लोबिनचा रेणू दोन सारख्या अर्धांचा असतो. एकेका अर्धात 287 अमिनो आम्ले असतात, आणि त्यांतले फक्त एक बदललेले होते. ऋणभार असलेल्या ग्लुटामिक आम्लाच्या जागी भार नसलेले व्हॅलिन आले होते. एवढ्याने चाल बदलली, आणि आयुष्यही.

यंत्र लहान करण्याची खटपट तोवर सुरू झालीच होती. कुणी द्रवाऐवजी ओला कागद वापरला. टोरोंटोमध्ये ऑलिव्हर स्मिथीज यांना 1950 नंतरच्या काळात आपल्या आईची खळ आठवली! वडिलांच्या सदऱ्यांना ती स्टार्च करी, आणि उरलेली खळ गार झाली की थलथलीत वडीसारखी घट्ट होई. मग त्यांनी बटाट्याच्या स्टार्चची तशीच वडी थापली आणि तिच्यातून प्रथिने चालवली. 1955 मध्ये ही रीत जगापुढे आली आणि सीरममध्ये कितीतरी नवी प्रथिने दिसू लागली. धोबीघाटातले ज्ञान प्रयोगशाळेला असे उपयोगी पडते. त्यानंतर केसासारख्या काचनळ्या आल्या, 1990 नंतर नखाएवढे मार्ग कोरलेल्या काचेच्या चिपा आल्या. वाट जितकी अरुंद, तितकी ती लवकर निवते. म्हणून विजेचा जोर वाढवता येतो आणि तासांचे काम सेकंदांत होते.

आता जरा आडवाटेने जाऊ. कणावर भारच नसेल तर? कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हे प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक आहे. कपट्यावर भार नसतो, पण कंगव्याजवळ विजेची ओढ जास्त आणि दूर कमी असते. या चढउतारामुळेच तो ओढला जातो. अमेरिकेतले हर्बर्ट पोल यांनी 1951 मध्ये या ओढीला डायइलेक्ट्रोफोरेसिस असे लांबलचक नाव दिले. 1966 मध्ये त्यांनी आणि आयरा हॉक यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या जिवंत आणि मेलेल्या पेशी, झपाट्याने उलटसुलट होणाऱ्या विजेने एकमेकींपासून वेगळ्या केल्या. जिवंत पेशीचे कातडे वीज अडवते आणि आत खारे पाणी असते. मेली की कातडे गळके होते. वीज हा फरक ओळखते. जिवंत आणि मृत यांत निवड करणारे सूप! इतक्या मोठ्या कल्पनेचे त्या काळात व्हावे तसे कौतुक झाले नाही, असे माझे मत आहे.

कारण त्यात एक मेख होती. कण जितका लहान, तितकी ही ओढ फार झपाट्याने घटते. जाडी निम्मी केली तर जोर एक-अष्टमांश. त्यावर उपाय एकच, तारा अगदी जवळ आणायच्या. दोन तारांत मिलिमीटरचा शंभरावा भाग अंतर ठेवले, तर दहा व्होल्टनेही सेंटिमीटरला दहा हजार व्होल्टांचा ताण मिळतो. असे बारीक काम पोलच्या हाती नव्हते. ते ट्रान्झिस्टर-चिपा करणाऱ्यांनी शिकवले. 1995 मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांनी रक्तात मिसळलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी अशा तारांवर धरून ठेवल्या आणि बाकीचे रक्त प्रवाहाबरोबर वाहून जाऊ दिले.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, पण विळ्याच्या आकाराचा तो रोग आपल्या घरातला आहे. भारतात तो 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट येथे सिकलसेल हा शब्द आज कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला हा रोग होण्याचा संभव चारांत एक. लग्नाआधी ते समजावे, निदान मूल जन्मताच समजावे, म्हणून रक्त तपासायचे. पण नमुना शहराकडे जाणार, निकाल कधी येणार, तोवर माणूस मजुरीला कुठे गेलेला असणार! जुलै 2023 मध्ये केंद्र सरकारने 2047 पर्यंत या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली, ती कोट्यवधी लोकांच्या तपासणीवरच उभी आहे.

म्हणून आता वीस फुटी यंत्राची पणती निघाली आहे. तळहातावर मावेल अशी एक कुपी, तिच्यात ओल्या कागदाची पट्टी, आणि बॅटरीवर चालणारी एक लहान पेटी. मध्य भारतातल्या रोग्यांवर ती पारखून पाहिली गेली आहे. बोटाच्या टोकाला सुई टोचायची, थेंबभर रक्त पट्टीवर लावायचे आणि कळ दाबायची. दहा मिनिटांच्या आत कागदावर तांबूस पट्टे सरकून उभे राहतात. निरोग्याचे हिमोग्लोबिन पुढे निघून जाते, सिकलचे थोडे मागे राहते. वाहक असेल तर दोन्ही पट्टे दिसतात, एक पुढे आणि एक मागे, 1949 मध्ये इटानोने पाहिले होते तसेच.